गाडीच्या वाट्याचं गोडं पाणी

गाडीला पाणी कोणतं घालायचं, यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी शेताच्या बांधावरून भावकीशी झाली नसतील. भांडणारे दोघंच, मी आणि माझी वैनी. माझा थोरला भाऊ, दादा, ओट्यावर सुपारी कातरत बसायचा आणि दोघांनाही काही म्हणायचा नाही. मी तापट. आजही आहे, पण आता नुसता आवाज राहिला. तेव्हा अंगातही जोर होता आणि जिभेतही.

आमचं गाव पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातलं, अमरावतीपासून बारा कोस. जमीन काळीभोर, कापूस म्हणाल तर डोळे निवावेत असा, पण विहिरीचं पाणी असं खारं की त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पाव्हण्याला दिलं तर तो पाव्हणा पुन्हा त्या घरी येत नाही. प्यायचं गोडं पाणी कोसभर लांबच्या एका विहिरीचं. बाया पहाटे निघायच्या, डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, आणि उन्हं चटके देऊ लागायच्या आत परतायच्या. घरात गोड्या पाण्याचा रांजण वेगळा आणि त्याचा तांब्या, आमच्याकडचा गडवा, तोही वेगळा. त्याला हात लावायचा तर घरच्या बाईला विचारून, मग तो घरधनी का असेना. आमच्याकडे चोराला एकवेळ माफी होती, गोड्या पाण्यानं पाय धुणाऱ्याला नव्हती.

माझी माय मी सहा वर्षांचा असताना गेली. वैनी तेव्हा नुकतीच नांदायला आलेली, चौदा-पंधराची पोर. तिनंच मला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत धाडलं, शाळेतून पळून आलो की फोकानं झोडपलं. तिला स्वतःला एकदाच मूल झालं, फार अडून झालं, आणि ते जगलं नाही. पुढं झालंच नाही. त्यामुळं असेल, मी तिचा दीर कमी आणि पोरगा जास्त. ती मला बाबू म्हणायची. मिशा आल्या, लायसन आलं, तरी बाबूच.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी मी एक जुनी अमेरिकन ट्रक-मोटार घेतली. गावातून कापसाचे बोजे भरायचे, मूर्तिजापूरच्या नाहीतर अकोल्याच्या सरकी काढायच्या जिनात टाकायचे, येताना गुरांची ढेप, मीठ, रॉकेल आणायचं. गाडी घेतली त्याच दिवशी अकोल्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं बजावलं होतं, की हिला मीठा पानी पाज, तुमच्या मुलखातलं खारं नको. त्याचं मीठा म्हणजे आपलं गोडं. मी घरी आलो आणि मोठ्या ऐटीत रांजणातले दोन हंडे गाडीच्या रेडिएटरमध्ये रिचवले. वैनीनं ते मागच्या दारातून पाहिलं. संध्याकाळी जेवायला वाढताना म्हणाली, “लोखंडाले तहान लागते का रे बाबू? मानसाच्या तोंडचं पानी तू त्याले पाजतं?”

 मी भांडलो, नाही असं नाही, पण खरं सांगायचं तर मलाही ते आतून पटलं होतं. आमच्या गावच्या कोणालाही पटलं असतं. जे पाणी बाई कोसभर डोक्यावरून आणते, ते धुराड्यात ओतायचं? पाप लागेल. तर दुसऱ्या दिवसापासून गाडीला खारं पाणी. सात वर्षं. रेडिएटरच्या तोंडाशी पांढरी खपली धरायची, रबरी नळ्या कुजायच्या, दर उन्हाळ्यात पाण्याचा पंप गळायला लागायचा आणि मी पाना घेऊन त्याचा नट अजून थोडा आवळायचो. मिस्त्री विचारायचा, कोणतं पाणी घालतोस? मी सांगायचो, मीठा. त्यालाही कळत असेल, पण तो नुसता मान हलवायचा.

मग लढाईच्या शेवटच्या सालातला वैशाख आला. ढेप भरून येत होतो. गाव कोसभर राहिलं आणि गाडीच्या नाकाडातून करकर आवाज सुरू झाला. उतरून झाकण उघडेपर्यंत पंपाचा दांडा डुलायला लागला होता, आणि त्यालाच जोडलेला पंखा पुढं सरकून रेडिएटरच्या जाळीत घुसला होता. वाफेचा लोट उठला. पाणी होतं नव्हतं ते मातीत गेलं. शेवटी दोन बैलजोड्या लावून गाडी ओढत घरी आणली. सारं गाव गोळा झालं, आणि एक म्हातारा म्हणाला की बैलाच्या मागून मोटार पहिल्यांदाच पाहिली. मी आधीच तापलेलो.

घरापुढं पंप खोलला. आत पाणी फेकणारी एक बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, भिंगरी असते. तिची पाती उरलीच नव्हती. खाऊन खाऊन दांड्यापुरती चकती राहिली होती, आणि बोट लावलं की तीही भुगा होऊन पडत होती. वैनी हात पुसत पाहायला आली. मी तो पंप तिच्या पायाशी टाकला.

“हे पाह्य,” मी म्हणालो. “तुह्या गोड्या पान्याच्या लोभानं खाल्ली माही गाडी. ठेव रांजन भरून अन् बस त्याची पूजा करत.”

जिभेला हाड नसतं म्हणतात. तिनं वाकून पंप उचलला, पदरानं पुसला, माझ्या हाती दिला आणि आत गेली. मला वाटलं, चला, आज मी जिंकलो. असा मी गाढव.

दुसऱ्या दिवशी पंप आणि रेडिएटर पोत्यात बांधून दमणीनं, म्हणजे हलक्या बैलगाडीनं, मूर्तिजापूर, तिथून आगगाडीनं अकोला. म्हाताऱ्या मिस्त्रीनं ती भिंगरी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, “पानी नहीं, तेजाब पिलाया तूने इसको.” खोटं बोललो होतो सात वर्षं, त्याबद्दल एक शब्द नाही. नवा पंप मिळायची गोष्टच नव्हती; लढाईनं सगळं गिळलं होतं, साधा वायसर मिळायची मारामार. त्यानं आपल्या भंगाराच्या ढिगात उकरून एका मेलेल्या गाडीचा तसाच पंप काढला. त्याचा दांडा खरादी यंत्रावर चढवून सरळ केला, नवं पितळी बुश बसवलं, ग्रीस पाजलेला सुती दोर दांड्याभोवती वळवून भरला, म्हणजे पाणी झिरपू नये. रेडिएटरच्या फाटलेल्या नळ्या चिमटून त्यांना कथलाचे डाग दिले. आतून धुण्याच्या सोड्यानं खळबळून काढला तेव्हा ताकासारखं पांढरं बाहेर आलं, ते थांबेचना. वरची रबरी नळी एक मिळाली. खालची काही केल्या मिळाली नाही.

यात दोन दिवस गेले. मी त्याच्या दुकानापुढं लिंबाखाली बसून होतो आणि खुशाल चहा पीत होतो. निघताना त्यानं तीन गोष्टी सांगितल्या. पाणी गोडं. तापलेल्या इंजनात गार पाणी कधी ओतायचं नाही, बीड तडकतं, मग गाडी भंगारातच. आणि खालची नळी सडलेली आहे, तिच्यावर नजर ठेव.

तिसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आधी गावात पोचलो. गाडी होती तिथंच उभी, तोंड उघडं. तिच्या पुढच्या चाकाशी, सावलीला, तीन पितळी हंडे ओळीनं ठेवलेले, तोंडाला ओलं फडकं बांधून. वैशाखात कोणाच्या दारात असे तीन हंडे भरून दिसत नाहीत. मला वाटलं, कोणाकडे लग्नबिग्न असेल, आपल्या घरचे हंडे मागून नेले असतील. मग दारात माणसं दिसली. ती मला वाट द्यायला बाजूला सरली.

वैनी आतल्या खोलीत घोंगडीवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर परसात हात धूत होता. दादानं रात्रीच दमणी धाडून त्याला आणलं होतं. त्यानं मला बाजूला घेऊन साध्या शब्दांत सांगितलं. तिच्या जांघेत जुनी गाठ आहे, पोटातलं आतडं त्या गाठीत उतरून अडकलं आहे आणि त्याला पीळ बसला आहे. काल दुपारपासून. इथं आपल्या हातात काही नाही, म्हणाला. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात आज शस्त्रक्रिया झाली तर आशा, उद्या नाही. पाणी अजिबात द्यायचं नाही, फार तर ओठ ओले करा. मग त्यानं दादाला विचारलं, की यांनी काही जड उचललं का.

“पानी आनलं,” दादा म्हणाला. “दोन दिवस, रोजच्या खेपा सोडून आनखी तीन. म्या म्हनलं राहू दे, त म्हने बाबू पंप आनन तवा पानी पाह्यजे. गाडीसाठी आनलं.”

दादानं हे मला ऐकवायला म्हणून सांगितलं नाही. डॉक्टरनं विचारलं म्हणून सांगितलं. ऐकवायला म्हणून सांगितलं असतं तर मी भांडलो तरी असतो.

ती गाठ त्या अडलेल्या बाळंतपणापासूनची. इतकी वर्षं तिनं फडक्यानं घट्ट बांधून कोणाला कळू दिली नव्हती. दादालाही नाही. जागाच अशी, सांगणार कोणाला. आणि मी तिला रांजणाची पूजा करत बस म्हणालो होतो.

जायचं कशानं? बैलगाडीनं मूर्तिजापूर गाठायला रात्र पडली असती आणि पुढची आगगाडी पहाटेची. पेट्रोलच्या टंचाईपायी उतारूंच्या सर्व्हिस-मोटारी कधीच्या बंद झालेल्या. पेट्रोलचं एक डबडं माझ्याजवळ होतं. राहिली ही माझीच गाडी, तोंड वासून. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. मी तहान लागल्यावर पंप बसवायला बसलो.

एरवी ते सकाळभराचं काम. रेडिएटर जागेवर बसवला. पंप आणि इंजन यांच्यामध्ये पुठ्ठा कापून घालावा लागतो, नाहीतर सांध्यातून पाणी येतं. तो मी अकोल्याहून आणायचा विसरलो होतो. दादा आत गेला आणि देवघरातल्या पोथीला आधार म्हणून बांधलेला पुठ्ठा घेऊन आला. आंघोळीशिवाय त्या पोथीला शिवायचा नाही असा माणूस. मी पंपाचं तोंड पुठ्ठ्यावर दाबून खूण केली, चाकूनं कापला, ग्रीस लावून बसवला. चार बोल्टांपैकी तीन नीट आवळले. चौथा मिठानं खाल्लेला, पाना फिरवला आणि तो कटकन तुटून निम्मा आतच राहिला. मी पाना भिरकावून दिला. तो जाऊन ओट्याला लागला आणि मी गाडीच्या मडगार्डवर डोकं ठेवून उभा राहिलो. आता काही होत नाही, असंच वाटलं. ती आत मरणार आणि मी बाहेर बोल्ट काढत बसणार.

आतून आवाज आला, बारीक. “बाबू, हळू. हाताले लागन.”

मी पाना उचलला. तीन बोल्टांवरच पंप राहू दिला. पट्टा चढवला, पंखा फिरवून पाहिला, वरची नळी नवी, खालची जुनीच. पुसून पाहिली तर बोटाला रबराचं काळं लागलं. तारेनं दोन्हीकडून आवळली आणि देवाचं नाव घेतलं.

आता पाणी. हंडे पुढ्यात होते. तरी माझा हात होईना, आणि मी आत गेलो. आमच्या घरात गोड्या पाण्याला असा हात लावत नाहीत.

“वैनी,” मी म्हणालो, “भायेर तीन हंडे हायेत.”

तिनं डोळे उघडले. ओठ वाळून पांढरे पडले होते.

“तुह्या गाडीचेच हायेत ते,” ती म्हणाली. “घाल. मले काय इचारतं?” मग थोडं थांबून, “गडवाभर ठेवजो माह्यासाठी. तिकडलं पानी कसं असते, कोन जाने.”

डॉक्टरनं पाणी नाही म्हटलं होतं, पण ते तिला सांगायला माझी जीभ वळली नाही. पहिला हंडा आणि दुसऱ्यातला थोडा रेडिएटरमध्ये गेला. उरलेलं गाडीत घेतलं. गडवा भरून वर फडकं बांधून तिच्या उशाशी ठेवला. गाडीच्या तळाला कडबा, त्यावर कापूस, त्यावर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या. दादा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि डोक्यावर ताडपत्री धरली. हँडल मारलं. दुसऱ्या दमात इंजन लागलं. उन्हं जरा कलली होती.

पहिले चार कोस गाडीवाट. काळ्या मातीच्या भेगा आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. हळू चालवावं तर वेळ जातो, जोरात चालवावं तर मागून तिचा आवाज येतो. ती ओरडत नव्हती. खड्डा आला की नुसता श्वास ओढायची, आणि तो मला इंजनाच्या आवाजातही ऐकू यायचा. माझं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं रेडिएटरच्या झाकणावर. कधी वाफ दिसते याची वाट पाहत माणूस गाडी चालवतो तेव्हा त्याला काय होतं, ते दुश्मनालाही कळू नये.

वाट संपायच्या जरा आधी एका बाभळीशी वाफ दिसली. उतरलो. खालची नळी बोटभर फाटली होती आणि पाण्याची धार मातीत चालली होती. तिच्या डोक्यावरून आलेलं पाणी. माती ते भुरकन पिऊन टाकत होती.

दादाच्या धोतराची पट्टी फाडली, ग्रीसमध्ये माखली, नळीभोवती गुंडाळून वरून सुतळी आवळली. हे झालं पटकन. पुढं करायचं काय तर काही नाही. इंजन तापून लाल, आणि हंड्यातलं पाणी गार. ओतलं की बीड तडकणार आणि मग बारा कोसांच्या मधोमध आम्ही कायमचे बसणार. थांबायचंच होतं.

तसं थांबणं मी पुन्हा कधी थांबलो नाही. बाभळीची सावली ती किती, ती सगळी तिच्यावर यावी म्हणून दादा ताडपत्री हलवत होता. मी इंजनावर हात ठेवून पाहायचो, चटका बसला की काढायचो, पुन्हा ठेवायचो. हंडा भरलेला पायाशी आणि मी त्याला हात लावत नव्हतो. तिच्या पोटात वेळ संपत चालला होता आणि मी एका लोखंडाच्या निवण्याची वाट पाहत होतो. दादानं एकदाच विचारलं, पाणी काहून घालत नाई. मी सांगितलं, बीड तडकन. त्यानं मान हलवली. त्याला मोटारीतलं काही कळत नव्हतं, पण त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला, आणि तेच मला सोसवेना. मी दहा वेळा हंडा उचलला असेन आणि दहा वेळा खाली ठेवला असेन. सावली हातभर सरकली तेव्हा कुठं इंजनावर तळहात टिकला. मग बारीक धारेनं, घोटभर घालून थांबत, पुन्हा घोटभर. दुसरा हंडा संपला. तिसराही निम्मा गेला.

पुढं मुरमाची सडक लागली आणि गाडी बरी धावली. पट्टी बांधलेली नळी थेंब थेंब गळतच होती. तिसऱ्या हंड्यातलं उरलेलं वाटेत एकदा घातलं. बडनेरा दोन कोस राहिलं आणि झाकणातून पुन्हा वाफ. हंडे तिन्ही रिकामे. आजूबाजूला ना घर ना विहीर, नुसती नांगरून टाकलेली जमीन. पुन्हा थांबणं, पुन्हा इंजनावर हात. निवालं, पण घालायचं काय?

गडवा तिच्या उशाशी होता. दादा त्यात बोट बुडवून तिचे ओठ ओले करत होता. मी फळीला धरून उभा राहिलो. मागायला तोंड होईना. तिनंच माझ्याकडं पाहिलं.

“पाज त्याले,” ती म्हणाली. “मले त तुमी देतच नाई.”

मी तो गडवा गाडीत ओतला. शेवटचा थेंबसुद्धा झटकला. तेवढ्यानं पाणी कुठं पोचलं असेल देव जाणे, पण गाडी चालली. पाण्यासाठी थांबायचं म्हणजे पुन्हा इंजन निवेपर्यंत बसायचं, म्हणून बडनेऱ्याला थांबलो नाही. अमरावतीच्या दवाखान्याच्या फाटकात शिरलो तेव्हा दिवस बुडत होता आणि इंजन इतकं तापलं होतं की किल्ली काढली तरी दोन गिरक्या घेऊन मग बंद पडलं.

लगेच आत नेलं, लगेच कापलं. मोठा डॉक्टर बाहेर आला तो मान खाली घालूनच. आतडं काळं पडलं होतं, तेवढं काढून टाकून शिवलं आहे, पाहू. मग म्हणाला, काल आणलं असतं तर. काल मी अकोल्यात लिंबाखाली बसून चहा पीत होतो.

ती तीन दिवस होती. ताप चढत गेला. दुसऱ्या दिवशी चमच्यानं पाणी द्यायची परवानगी मिळाली तेव्हा दादाला एवढा आनंद झाला की तो नर्सबाईच्या पाया पडायला वाकला. वार्डातलं पाणी चांगलं होतं, आमच्या विहिरीपेक्षा गोडच म्हणा. पण तिनं एक चमचा तोंडात घेतला आणि बाहेर सोडून दिला. “हे आपलं पानी नोहे,” म्हणाली. मग तेच चालू राहिलं. शुद्धीत असो नसो, आपल्या विहिरीचं आण. बाबूले सांग, हंडे भरून ठेवले हायेत. मी समोर उभा असताना मला सांगायची, की बाबूले सांग.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा मला म्हणाला, की गावाला जाऊन कळशीभर घेऊन येतोस का. मी तेच ठरवलं होतं. जाऊन येऊन दिवस गेला असता, पण गेलो असतो. हँडल हातात घेऊन आवारात निघालो आणि दादानं वार्डाच्या दारातून हाक मारली. नुसतं माझं नाव. माझ्या सव्वीस वर्षांत त्यानं मला नावानं अशी हाक मारली नव्हती. मी मागं जाऊन पाहिलं. तिचा श्वास वर लागला होता.

“पानी पाह्यजे,” दादा म्हणाला.

जाणाऱ्याच्या मुखात पाणी घालायचं असतं. वार्डाच्या कोपऱ्यात माठ होता, चार पावलांवर. दादा तिकडं वळला. मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, थांब. उशाशी रिकामा गडवा होता तो उचलला आणि पळत सुटलो.

गाडीखाली तीन दिवसांच्या गळतीनं ओल धरली होती. मला वाटलं, सगळं गेलं. उताणा होऊन आत शिरलो. रेडिएटरच्या बुडाशी एक तोटी असते, पाणी काढून टाकायची. ती फिरवली. आधी काहीच येईना. मग आलं. तांबूस, गंजाचं, वर तेलाचा तवंग. मी धोतराचा सोगा दुमडून गडव्याच्या तोंडाशी धरला आणि त्यातून गाळून घेतलं. गाळल्याशिवाय तिनं कधी कोणाला पाणी दिलं नव्हतं. दोनदा गाळलं. तरी त्याला ग्रीसचा वास होताच.

आत येऊन तिच्या कानाशी वाकलो. म्हणालो, “वैनी, आपल्या विहिरीचं हाय. तूच आनलेलं.”

दादानं गडव्यात पाहिलं. पाण्याचा रंग पाहिला, माझे काळे हात पाहिले. त्यानं तिचं डोकं जरा उचलून धरलं. मी चमच्यानं घातलं. मला वाटलं, हेही बाहेर सोडून देईल. पण तिनं गिळलं. दुसरा चमचा ओठांच्या कडेनं खाली आला.

तिला अमरावतीतच अग्नी दिला. घरी न्यायची तर वैशाखातली बारा कोसांची वाट, दादाच नको म्हणाला. संध्याकाळी आम्ही दोघं दवाखान्याच्या आवारात गाडीजवळ आलो. गोधड्या तशाच पडल्या होत्या, हंडे तसेच आडवे. दादा पुढं माझ्या शेजारी बसला. रेडिएटर रिकामा होता. मी नळावरून दोन हंडे भरून आणून घातले. गडवा दादाच्या हातात होता, त्यात निम्मं पाणी अजून होतं, आणि त्याचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

मी तो घेतला आणि तेही गाडीत ओतलं. तिनं ते गाडीसाठीच आणलं होतं.